रिपोर्ट नॉर्मल आहे

माझ्या उजव्या मनगटाचा पहिला एक्स-रे काढला तेव्हा माझी मुलगी नऊ आठवड्यांची होती. रिपोर्ट दोन ओळींचा होता आणि दोन्ही ओळींचं म्हणणं एकच होतं: सगळं नॉर्मल. पुढचे दोन महिने तो शब्द आमच्या घरी मुक्कामाला होता. मनगट दुखतंय म्हटलं की कुणी ना कुणी, अगदी मायेनंच, आठवण करून द्यायचं, "अगं, पण फोटोत तर काही आलं नाही ना?"

फोटोत काही आलं नव्हतं हे खरं होतं. दुखत होतं हेही खरं होतं. या दोन गोष्टी एकमेकींना खोटं पाडत नाहीत, हे आमच्या घराला पटायला दुसरं एक मशीन लागलं. त्याचा मला आनंद झाला, आणि थोडा रागही आला.

पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी साताऱ्याला होते. मुलगी सहा आठवड्यांची असताना एका सकाळी तिला पाळण्यातून उचलताना अंगठ्याच्या बाजूनं मनगटात कळ आली. सुई टोचल्यासारखी नव्हे, आतून कुणी काहीतरी पिरगाळल्यासारखी. ती वर कोपराच्या दिशेनं गेली आणि विरली. वाटलं, हात आखडला असेल. पण मग ती कळ दिवसभर भेटायला लागली. झबल्याचे बंद बांधताना, दाराची कडी काढताना, ओलं दुपटं पिळताना. मोबाईल एका हातात धरून अंगठ्यानं दोन ओळी टाइप करणंही जमेना. कुकरचं झाकण तर मी आईकडे सरकवायला लागले.

हे सगळं सोसता आलं असतं. न सोसण्यासारखी गोष्ट एकच होती. दिवसरात्र मिळून वीस-पंचवीस वेळा मला एक जिवंत वजन उचलायचं होतं, आणि ते दर आठवड्याला वाढत होतं. रात्री तीनला, अर्धवट झोपेत, तिच्या काखांखाली हात घालून उचलताना कळ आली की पकड क्षणभर सैल व्हायची. मला दुखण्याची भीती नव्हती. एखाद्या रात्री ती माझ्या हातातून सुटेल, याची होती. मग मी तिला उचलणं सोडलं आणि गादीवरून ओढत मांडीवर घ्यायला लागले. ते पाहून आत्या म्हणाली, "पोर काय, पोतं आहे का?"

बाळंतिणीच्या दुखण्याची एक अडचण असते. त्याला घरात आधीच नाव तयार असतं, त्यामुळे त्याची वेगळी चौकशी होत नाही. मालिशवाल्या मावशी म्हणाल्या, "वारं शिरलंय." आई म्हणाली, "गार पाण्यात हात घातलास, दुसरं काय!" आत्यानं 'बाळंतवात' म्हणून विषय मिटवला. शेक झाला, ओव्याची धुरी झाली, डिंकाच्या लाडवांची संख्या एकावरून दोनवर गेली. मावशींनी तेल लावून नेमक्या त्याच जागी अंगठा दाबला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, वारं निघतंय.

यात कुणीही वाईट नव्हतं, हे आवर्जून सांगते. या बायका माझ्यासाठी पहाटे उठत होत्या. पण 'बाळंतपणात दुखतंच' या वाक्यात एवढी जागा असते की त्यात कुठलंही दुखणं मावतं, आणि एकदा मावलं की दिसेनासं होतं.

शेवटी ओळखीच्या एका दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच हात पाहिला, एक्स-रे लिहून दिला, तो पाहून 'हाडं छान आहेत' म्हणाले आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. त्यांनी मनगटाला हात लावला नाही. 'बाळ कसं उचलता?' असंही विचारलं नाही. 'डिलिव्हरीनंतर होतं असं,' ते म्हणाले. म्हणजे मावशींचंच निदान, फक्त पावतीसकट.

एक्स-रेचा यात दोष नाही. तो जे दाखवतो ते पहिल्या दिवसापासून सांगत आलाय. १८९५ सालच्या ८ नोव्हेंबरला जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये विल्हेल्म राँटगेनला या अदृश्य किरणांचा सुगावा लागला, आणि २२ डिसेंबरला त्यानं आपल्या बायकोचा, बर्थाचा, हात फोटोच्या काचेवर ठेवून त्यातून ते किरण सोडले. तो फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल: बोटांची लांबट हाडं आणि एका बोटावर जाड अंगठी. नीट पाहिलं तर लक्षात येतं, की हाडं आणि अंगठी सोडली तर त्यात जवळजवळ काहीच नाही. हात ज्यांच्या जोरावर हलतो, पकडतो, उचलतो, ते सगळं फिकट सावली होऊन गेलंय. हाडातलं कॅल्शियम किरणांना अडवतं आणि धातू तर त्याहून जास्त अडवतो. स्नायू, टेंडन, त्यांची आवरणं, आतलं पाणी या सगळ्यांतून किरण साधारण सारखेच आरपार जातात, म्हणून ते एकमेकांपासून वेगळे दिसत नाहीत.

हाड मोडलंय का, अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजलाय का, हे प्रश्न एक्स-रेला विचारावेत. माझ्या बाबतीत दोन्हींचं उत्तर 'नाही' असं होतं आणि ते बरोबर होतं. घोळ पुढे झाला. 'हाडं नॉर्मल' या उत्तरातला 'हाडं' हा शब्द दवाखान्यातून घरी येईपर्यंत गळून पडला.

मुलगी साडेतीन महिन्यांची झाल्यावर मी पुण्याला सासरी आले. तिथे ऑफिसमधल्या एका मैत्रिणीनं हाताच्या सर्जनकडे जायला सांगितलं. हाताचा वेगळा डॉक्टर असतो, हेच मला नवं होतं. या डॉक्टरांनी एक्स-रेचं पाकीट बाजूला ठेवलं, टेबलावरची माझी पर्स पुढे सरकवली आणि म्हणाले, "हे बाळ आहे समजा. कसं उचलता दाखवा."

मी उचललं. दोन्ही हातांचे अंगठे ताठ वर, बाकीची बोटं खाली, मधे पर्स. इंग्रजी 'एल' अक्षरासारखे दोन हात.

"दिवसातून किती वेळा?"

मी सांगितलं.

त्यांनी मनगटाच्या बाजूला, अंगठ्याच्या रेषेत जिथे हाडाचं टोक बोटाला लागतं, तिथे हलकंच दाबलं. मी हात मागे घेतला. मग त्यांनी माझा अंगठा धरून हात अलगद करंगळीच्या बाजूला झुकवला. माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते ऐकून बाहेर बसलेला नवरा आत आला. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील.

ही दुसरी चाचणी न्यूयॉर्कच्या हॅरी फिंकलस्टाइन या सर्जननं १९३० साली वर्णन केली. इंटरनेटवर तिचं जे रूप फिरतं, अंगठा मुठीत घ्या आणि मनगट खाली वाकवा, ते खरं तर त्याआधीच्या आयकहॉफ नावाच्या डॉक्टरचं आहे. त्यानं निरोगी मनगटालाही कळ येऊ शकते. तेव्हा हे वाचता वाचता मूठ वळून पाहिली असेल आणि जरा ताणल्यासारखं झालं असेल, तर लगेच घाबरू नका.

आजाराचं नाव मोठं होतं: द कर्व्हेन टेनोसायनोव्हायटिस. डॉक्टरांनी ते लिहून दिलं आणि मग कागदावर चित्र काढून समजावलं. मला मात्र ते समजलं परकराच्या नेफ्यावरून. टेंडन, म्हणजे कंडरा, ही नाडी. स्नायू तिला एका टोकाकडून ओढतो आणि दुसऱ्या टोकाचं हाड हलतं. मनगटापाशी या नाड्या उसळून वर येऊ नयेत म्हणून त्या नेफ्यातून नेलेल्या असतात. मनगटाच्या वरच्या अंगाला असे सहा कप्पे आहेत. पहिला कप्पा अंगठ्याच्या बाजूचा, जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचा, आणि त्यातून दोन नाड्या जातात. एक अंगठा बाहेर ताणते, दुसरी तो सरळ करते. नेफ्याला आतून बुळबुळीत अस्तर असतं, त्यामुळे नाडी विनातक्रार सरकते. नेफ्याचं कापड जाड झालं, आतली जागा कमी झाली, की तीच नाडी प्रत्येक वेळी घासत जाते. अंगठा ताठ ठेवून वजन उचलणं म्हणजे नाडी ताणून धरायची आणि वर नेफा पिळायचा.

फ्रिट्झ द कर्व्हेन हा स्वित्झर्लंडचा सर्जन. त्यानं या दुखण्यावरचा पहिला लेख लिहिला तोही १८९५ सालीच, पाच रुग्णांच्या आधारे. एक्स-रे तेव्हा अजून सापडायचा होता. म्हणजे हा आजार आणि तो फोटो एकाच वर्षाची भावंडं, पण एकमेकांची तोंडओळखही नाही. द कर्व्हेनच्या दोन वर्षं आधी, १८९३ च्या आवृत्तीत, ग्रेच्या शरीररचनेच्या प्रसिद्ध पुस्तकात या दुखण्याचा उल्लेख धुणं धुणाऱ्या बाईची लचक अशा अर्थाच्या नावानं आला होता. ओलं कापड पिळणाऱ्या हातांचा आजार. दुपटं पिळताना माझ्या मनगटात जे व्हायचं ते एकशेतीस वर्षांपूर्वी कुणालातरी दिसलं होतं, तेही कुठल्याही मशीनशिवाय.

हा आजार पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आढळतो आणि बाळंतपणानंतरचे महिने तर त्याचा हंगामच. उचलण्याची ही पद्धत हे एक कारण, आणि त्या काळातल्या हार्मोनमुळे शरीरात धरून राहिलेलं पाणीही त्याला हातभार लावत असावं असं मानतात. नावातल्या 'आयटिस'चा अर्थ दाह, सूज. पण ऑपरेशनमध्ये काढलेला आवरणाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यात दाहाच्या पेशींपेक्षा जाड झालेलं, झिजलेलं आणि बदललेलं कापडच जास्त दिसतं. एका दिवसाची सूज नसते ती, रोजच्या घासण्याचा साठलेला हिशोब असतो.

"मग निदान झालं ना? सोनोग्राफी कशाला?" नवऱ्यानं विचारलं. प्रश्न योग्य होता. डॉक्टर म्हणाले, "निदान माझ्या हातांनी केलंय. सोनोग्राफी पुढच्या कामासाठी हवीय." त्यांना दोन गोष्टी पाहायच्या होत्या. एक, पाणी आणि जाडी किती आहे. दोन, पहिल्या कप्प्यात मधे पडदा आहे का. बऱ्याच लोकांत हा कप्पा एका पडद्यानं दुभागलेला असतो. इंजेक्शन एका खोलीत गेलं आणि दुखणं दुसऱ्या खोलीत असलं तर गुण येत नाही.

मला ते पटलं. पण खरं सांगायचं तर मला ती सोनोग्राफी वेगळ्याच कारणासाठी हवी होती. मला एक कागद हवा होता.

आपल्याकडे सोनोग्राफी या शब्दाला एकच अर्थ आहे. सासूबाईंना फोनवर सांगितलं की सोनोग्राफीला चाललेय, तर पलीकडे शांतता पसरली. मग त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "इतक्या लवकर?" सेंटरमध्येही तेच. बाकड्यावर सात-आठ पोटुशी बायका, भिंतीवर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी. शेजारच्या बाईनं विचारलं, "कितवा?" मी मनगट दाखवलं. काउंटरवरच्या मुलीनं सवयीनं गर्भवतींसाठीचा फॉर्म पुढे ओढला आणि शेवटच्या पाळीची तारीख विचारली. मग चिठ्ठी वाचून स्वतःशीच हसली आणि तो परत ठेवला.

त्या पाटीला आणि फॉर्मला मी हसणार नाही. १९९४ च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्यामुळे आपल्याकडे प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंद ठेवावी लागते आणि त्या कायद्याची गरज का पडली हे मुलीच्या आईला सांगावं लागत नाही. त्याचा एक साधा परिणाम असा, की हाताच्या डॉक्टरला कपाटातून छोटं मशीन काढून तिथल्या तिथे मनगट पाहून घेणं इथे तितकं सोपं नाही. त्यासाठी बाकड्यावर बसावंच लागतं.

आत अंधारी खोली, गार जेल, ओळखीचा वास. गरोदरपणात मी पाच वेळा अशा खोलीत झोपले होते. प्रत्येक वेळी स्क्रीनवर ती होती. तिचं डोकं, तिचे ठोके, तिच्या मांडीच्या हाडाची लांबी. सगळे तिच्याकडे बघायचे, मीसुद्धा. मशीन माझ्या पोटावर फिरत होतं पण पाहत माझ्या पलीकडे होतं, आणि तेव्हा मला ते अगदी रास्त वाटायचं. या वेळी मी खुर्चीत बसले होते, हात उशीवर ठेवला होता, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात फक्त माझं नाव होतं.

रेडिओलॉजिस्ट मॅडमनी हातात घेतलेला प्रोब पोटावरच्या प्रोबपेक्षा बराच लहान होता. पोटात खोलवर पाहायचं तर साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झचा आवाज सोडतात. तो खोल जातो, पण बारकावे सोडून देतो. मनगटातलं सगळं कातडीखाली काही मिलिमीटरवर असतं, तिथे १० ते १८ मेगाहर्ट्झ चालतो. हा आवाज खोल जात नाही, पण टेंडनमधले धागेसुद्धा दाखवतो.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "हा तुमचा डावा हात. आधी चांगला हात बघून घेऊ." पडद्यावर दोन पांढुरके ठिपके दिसले, शेजारी शेजारी, भोवती बारीकशी किनार. प्रोब उभा केल्यावर त्या ठिपक्यांच्या दोऱ्या झाल्या, बारीक समांतर रेघांच्या, केसांच्या वेणीसारख्या. मग उजवा हात. तेच दोन ठिपके, पण त्यांच्याभोवतीची किनार जाड आणि करडी झालेली. आणि किनार व ठिपका यांच्यामधे काळी रेघ. "हे पाणी. सोनोग्राफीत पाणी काळं दिसतं." त्यांनी एक बटण दाबलं आणि त्या जाड किनारीत लाल-नारिंगी ठिणग्या लुकलुकायला लागल्या. हा डॉपलर. याच डॉपलरवर मी मुलीचा रक्तप्रवाह पाहिला होता. इथे तो सांगत होता, की जिथे एरवी रक्ताची फारशी ये-जा नसते, तिथे ती वाढलीय.

एक गोष्ट त्यांनी मुद्दाम दाखवली. प्रोब जरासा तिरका केला तर डाव्या हाताचा निरोगी टेंडनही काळा पडला. सरळ केला की परत पांढरा. आवाजाची लाट टेंडनवर काटकोनात पडली तरच नीट परत येते. तिरकी पडली की ती भलतीकडे जाते आणि मशीनला वाटतं, इथे काहीच नाही. "म्हणून नुसता प्रिंट बघून कुणी काही सांगू नये," त्या म्हणाल्या. "बघणाऱ्याचा हात कसा होता, तेही त्या फोटोत असतं." मग म्हणाल्या, "अंगठा हलवा." मी हलवला आणि दोरी सरकताना, अडखळताना दिसली. माझ्या कळेला इतके दिवस फक्त आवाज होता. पहिल्यांदाच तिला चेहरा मिळाला.

एमआरआयमध्येही हे सगळं दिसतं. तिथे आवरणातलं पाणी काळं नाही, पांढरं चमकतं. पण तो महाग आणि वेळखाऊ. साध्या मनगटदुखीला सहसा तिथवर जावं लागत नाही. दुखणं एकाच कप्प्यात नसून अनेक टेंडनच्या आवरणांत असेल, सोबत सांधेही सुजत असतील, तर संधिवाताचा विचार करावा लागतो. आपल्या देशात क्षयरोगही कधी कधी टेंडनच्या आवरणात घर करतो, आणि तेव्हा त्या पाण्यात तांदळाच्या दाण्यांसारखे कण दिसू शकतात. बोट टम्म सुजून वाकलेलं असेल, सरळ करताना असह्य दुखत असेल, ताप असेल, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. तिथे फोटोची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो.

माझा रिपोर्ट पाऊण पानाचा आला. आवरण जाड, आत थोडं पाणी, डॉपलरमध्ये वाढलेला रक्तप्रवाह, कप्प्यात पडदा. शेवटी लिहिलं होतं, की हे चित्र द कर्व्हेन टेनोसायनोव्हायटिसशी जुळतं. आणि त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ: रुग्णाच्या प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहावे. घरी आल्यावर मी एक्स-रेचं जुनं पाकीट काढलं. त्या दोन ओळींखालीही अगदी हीच ओळ होती. डॉक्टरला उद्देशून छापलेली ती विनंती, की मी फक्त हाडं पाहिली आहेत, हात तुम्ही पाहा. ती कुणी मनावर घेतली नव्हती.

पाऊण पानानं घर बदललं. सासूबाईंनी चष्मा लावून ठिणग्यांचा फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "अगं बाई, किती पेटलंय हे!" आईला व्हॉट्सॲपवर पाठवला, तिचा लगेच फोन आला, आवाज कापरा. नवरा, जो आधीही रात्री उठायचाच पण मी हाक मारल्यावर, आता हाकेआधी उठायला लागला. मुलीला उचलून माझ्या मांडीवर द्यायचा आणि पिऊन झालं की घ्यायचा. आदल्या दिवशी जेवढं दुखत होतं तेवढंच त्या दिवशीही दुखत होतं. फरक एवढाच, की आता ते घरातल्या सगळ्यांना दिसलं होतं.

राग आला तो याचाच. माझं तोंड रोज सांगत होतं, ते पुरलं नाही. आणि त्या रागातही एक धाकधूक होती: रिपोर्टमध्ये काहीच निघालं नसतं तर? सौम्य आजारात सोनोग्राफीत फारसं काही दिसत नाही, असंही होतं. तेव्हा मी आणखी दोन महिने पोतं ओढत राहिले असते का? त्या दोन मिनिटांच्या तपासणीवर, एका प्रश्नावर आणि एका पर्सवर घराचा विश्वास बसला असता का? मला खात्री नाही.

उपचार फार नाट्यमय नव्हते. अंगठ्याला आधार देणारा पट्टा. उचलायची नवी रीत: काखांत अंगठे घालायचे नाहीत, एक तळवा मानेखाली, एक कुल्ल्यांखाली, ताटातली भाकरी उचलावी तसं वर घ्यायचं. दोन आठवड्यांनी स्टेरॉइडचं एक इंजेक्शन, सोनोग्राफीत पाहून, पडद्याच्या दोन्ही बाजूंना. दूध बंद करायची गरज नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं. त्यानंतरही गुण आला नसता तर फक्त तेवढीच जागा बधिर करून आवरण उघडायचं छोटं ऑपरेशन होतं, पण तिथवर गेलं नाही. तीन आठवड्यांत मी कुकरचं झाकण लावलं. टोचलेल्या जागी कातडीचा रंग उडून बोटभर पांढरा डाग पडला. सावळ्या कातडीवर हे इंजेक्शन कधी कधी असं करतं आणि बहुतेकदा काही महिन्यांत रंग परत येतो. तोवर मात्र लग्नाकार्यात दोन बायकांनी हात धरून विचारलं, "कोड तर नाही ना हे?" महिनोन्‌महिने दुखत असलेलं मनगट कुणाला दिसलं नव्हतं. डाग लांबूनही दिसत होता.

गेल्या महिन्यात कॉलेजच्या एका मैत्रिणीचा मेसेज आला. तिचा मुलगा दोन महिन्यांचा आहे. "अंगठा उचलला की जीव जातो," तिनं लिहिलं होतं, आणि पुढे, "पण रिपोर्ट नॉर्मल आहे."

मी विचारलं, "कशाचा रिपोर्ट?"

"एक्स-रे."

"हाताला कुणी हात लावून पाहिलं का?"

"नाही."

मग मी तिला सांगितलं, की मुलाला उचलतानाचा व्हिडिओ काढून पाठव. तिच्या नवऱ्यानं काढला असावा, अकरा सेकंदांचा, जरा हललेला. त्यात बाळाचा चेहरा नव्हता, तिचाही नव्हता. पाळण्यावर वाकलेले दोन हात होते आणि काखांच्या दोन्ही बाजूंना ताठ उभे राहिलेले दोन अंगठे. मी तिला नेफ्याचं सांगितलं, भाकरीसारखं उचलायला सांगितलं, आणि म्हटलं, हाताच्या डॉक्टरकडे जा. जाताना एक्स-रे ने, पण आधी त्यांना हा व्हिडिओ दाखव.